कपाटातली गाणी आणि हवेतली गाणी

रेडिओ सिलोनच्या हिंदी विभागाचा ‘पुरानी फिल्मों का संगीत’ हा कार्यक्रम सकाळी साडेसातला सुरू व्हायचा आणि आठच्या ठोक्याला कुंदनलाल सैगल यांच्या गाण्यानं संपायचा. सैगल १९४७ च्या जानेवारीत गेले. चित्रपटातली आणि खासगी धरूनही त्यांची ध्वनिमुद्रित गाणी दोनशे भरत नाहीत. म्हणजे रोज एक या हिशेबानं वर्ष संपायच्या आत तेच गाणं पुन्हा यायला हवं, आणि ते यायचंच. तरीही या कार्यक्रमाला कुणी ‘तेच ते’ म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. कारण सैगलपर्यंत पोचायची वाट रोज निराळी असे. आज राजकुमारी आणि जी. एम. दुर्राणी, उद्या काननदेवी, परवा अमीरबाई कर्नाटकी, मध्येच जोहराबाई अंबालेवाली. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एवढं सांगून निवेदक बाजूला व्हायचा.

जुनी गाणी लावणाऱ्या केंद्राबद्दल विचार करायचा तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. गाणं पुन्हा लागणं हा दोष नाही. ऐकणाऱ्याला ओळखीचं काहीतरी हवंच असतं. सकाळच्या कामाच्या रगाड्यात तोच तर आधार असतो. पण त्या ओळखीच्या गाण्याच्या शेजारी काय बसवायचं आणि ते कुणी ठरवायचं, यावर केंद्राची श्रीमंती ठरते. गेल्या सत्तर वर्षांत हे ठरवणारा हात बदलत गेला आणि त्याबरोबर हवेतली गाणी कमी कमी होत गेली, असं माझं मत आहे.

सिलोनकडे आपण वळलो त्याला एक मराठी माणूस कारणीभूत होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. चित्रपटसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आकाशवाणीवरची चित्रपटगीतं घटली, निर्मात्यांशी खटके उडाले, आणि कोलंबोजवळच्या एकाला इथलं शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपण केंद्र भारतीय श्रोत्यांच्या घरात शिरलं. मूळचं हे केंद्र दुसऱ्या महायुद्धात दोस्तसैन्यासाठी उभारलेलं. युद्धानंतर सिलोन सरकारकडे आलेलं. जाहिराती घेण्याची मुभा असल्यानं मुंबईच्या तबकडी कंपन्या आणि जाहिरातदार तिकडे धावले. डिसेंबर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रण करत, फिती विमानानं कोलंबोला जात आणि बुधवारी संध्याकाळी तोच आवाज समुद्रावरून परत येई.

केसकरांवर राग काढून पुढे जाणं सोपं आहे, पण तेवढं पुरेसं नाही. त्यांच्याच कारकिर्दीत आकाशवाणीनं चित्रपटगीताला पर्याय म्हणून सुगम संगीताचे विभाग उभे केले. कवी, संगीतकार, गायक यांना केंद्रावर बोलावून नवी गाणी करून घेतली. मराठी भावगीताला त्यातून जे बळ मिळालं त्याचं मोजमाप अजून नीट झालेलं नाही. म्हणजे एका हातानं दार बंद झालं आणि दुसऱ्या हातानं दुसरं उघडलं. आज जी गाणी आपण ‘जुनी मराठी गाणी’ म्हणून ऐकतो त्यातली कितीतरी त्या दुसऱ्या दारातून आली आहेत.

सिलोनला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. सूत्रं पंडित नरेंद्र शर्मा यांच्याकडे होती आणि त्यांनी लिहिलेलं, अनिल विश्वास यांनी स्वरबद्ध केलेलं, मन्ना डे यांनी गायलेलं गीत पहिल्या दिवशी वाजलं. कवीच्या हाती केंद्र असलं की काय होतं ते या सेवेच्या कार्यक्रमपत्रिकेत दिसतं. दिवसभर नुसती गाणीच लावायची तर एवढी वेगवेगळी नावं कशाला लागली असती? पण ‘भूले बिसरे गीत’ वेगळं, ‘संगीत सरिता’ वेगळी, सैनिकांच्या फर्माईशीची ‘जयमाला’ वेगळी, बिगर चित्रपटगीतांचं ‘रंग-तरंग’ वेगळं आणि नाटुकल्यांचं ‘हवामहल’ तर सर्वस्वी वेगळं. एकच गाणं या चौकटींपैकी ज्या चौकटीत येई तिथला रंग घेऊन येई.

‘संगीत सरिते’बद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मोजक्या मिनिटांत एका रागाची ओळख, त्यातली एखादी शास्त्रीय चीज किंवा वादन आणि त्याच रागावर बेतलेलं चित्रपटगीत. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं गाणं यमनातलं किंवा पहाडीतलं आहे हे कळलं की ते दुसऱ्यांदा जन्माला येतं. गाण्यांची यादी न वाढवताही विविधता वाढवता येते, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही. रात्री दहाचं ‘छायागीत’ याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे निवेदक स्वतः विषय निवडतो, स्वतः लिहितो, गाणीही स्वतःच काढतो. एखादा निवेदक तलत आणि हेमंतकुमारांच्या मंद गाण्यांत रमणारा, दुसरा अनवट द्वंद्वगीतं शोधणारा. ऐकणाऱ्यांना वारावरून माणूस ओळखता यायचा. ग्रंथालयातल्या नोंदपत्रांच्या कपाटापुढे उभं राहून पाच-सहा गाण्यांसाठी तासभर घालवणारी ही मंडळी म्हणजे रेडिओतले खरे संपादक.

१ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली. देशातली ही पहिलीच. जाहिराती आल्या म्हणून गाणी बिघडली असं मात्र झालं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. जाहिरात आणि निवड या दोन गोष्टी पुढे बरीच वर्षं एकमेकींच्या शेजारी सुखानं नांदल्या.

फर्माईशीचं प्रकरण थोडं नाजूक आहे. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव पोस्टकार्डांमुळे देशभर ठाऊक झालं. महाराष्ट्रातही श्रोता संघ होते. गावाचं आणि घरातल्या सगळ्यांचं नाव रेडिओवर यावं म्हणून पत्रं जायची. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’नं हाच आनंद मराठी गाण्यांना दिला. श्रोत्याचा हा सहभाग मला मोलाचा वाटतो. पण फर्माईश नेहमी माहीत असलेल्या गाण्याचीच होते. जे कधी ऐकलंच नाही ते मागणार कसं? म्हणून फर्माईशीच्या तासाबरोबर निवडीचा तास असावाच लागतो. जुन्या कार्यक्रमपत्रिकेनं हा तोल सांभाळला होता.

तो तोल ढळला तो माणसाच्या जागी चाचणी आल्यावर. याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे जुन्या गाण्यांचं केंद्र हा स्वतंत्र धंदा आहे. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम जुलै १९७२ मध्ये पूर्णवेळ जुन्या गाण्यांकडे वळलं आणि त्या शहराच्या आठवणींचा भाग बनलं. अशा केंद्रांसाठी पुढे एक पद्धत रूढ झाली. एका सभागृहात काही माणसांना बसवायचं, शेकडो गाण्यांचे आठ-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि प्रत्येकाला गुण द्यायला लावायचे. जास्त गुणांची काही शे गाणी ठेवायची, बाकीची बाद. उरलेल्यांचं वेळापत्रक संगणक लावतो. आठ सेकंदांत ओळखू येणारं गाणं या परीक्षेत पास होतं. हळूहळू उलगडणारं, मुखड्याआधी आलाप असलेलं किंवा कधीच न ऐकलेलं नापास होतं. शिवाय जाहिरातदारांना पंचवीस ते चोपन्न वयाचा श्रोता हवा असतो. दर दहा वर्षांनी या वयोगटात नवी माणसं येतात आणि जुनी बाहेर पडतात, म्हणून ‘जुन्या’ची व्याख्याही पुढे सरकते. तिथल्या केंद्रांवरून आधी पन्नाशीच्या दशकातली गाणी गेली, मग साठीची विरळ झाली.

३ जून २००५ ला डब्ल्यूसीबीएस-एफएमच्या चालकांनी जुन्या गाण्यांचा शिरस्ता मोडून निवेदकांशिवायचं मिश्र गाण्यांचं ‘जॅक’ हे रूप आणलं. श्रोते भडकले, आकडे घसरले आणि १२ जुलै २००७ ला केंद्राला परत फिरावं लागलं. मात्र परतलं ते पूर्वीपेक्षा अलीकडच्या गाण्यांचा भरणा घेऊन. श्रोत्यांचा विजय झाला आणि सर्वात जुनी गाणी तरीही मागे पडली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्याकडे खासगी एफएमचं युग २००१ मध्ये बंगळुरूपासून सुरू झालं. परवान्यांची मोठी रक्कम, एकाच शहरात अनेक केंद्रं आणि सगळ्यांचा डोळा त्याच श्रोत्यावर. चाचणी आणि संगणकी वेळापत्रक ही अमेरिकी जोडी इथेही रुळली. सुरुवातीला सगळेच नव्या गाण्यांमागे होते. पुढे जुन्या गाण्यांनाही बाजार आहे हे लक्षात आलं. २०१६ मध्ये मुंबई-दिल्लीत ‘रेडिओ नशा’सारखं पूर्ण ‘रेट्रो’ केंद्र निघालं. २०१७ मध्ये आलेल्या ‘कारवाँ’ या पेटीनं तर पाच हजार गाणी थेट आजी-आजोबांच्या उशाशी नेऊन ठेवली, आणि ती पेटी धडाक्यानं खपली. म्हणजे मागणी आहे याबद्दल शंका नको.

पण या केंद्रांवरचं ‘जुनं’ ऐकत बसलं की त्याची हद्द लवकर कळते. किशोरकुमार आणि राहुलदेव बर्मन भरपूर, लक्ष्मीकांत-प्यारेलाल भरपूर, राज कपूरची ठरावीक गाणी, रफींची ठरावीक गाणी. ही सगळी थोर गाणी आहेत आणि मला ती हवीच आहेत. मात्र खेमचंद प्रकाश, गुलाम हैदर, विनोद, हंसराज बहल, सज्जाद हुसेन यांची गाणी कुठे आहेत? सी. रामचंद्र, वसंत देसाई, स्नेहल भाटकर, सुधीर फडके, दत्ता डावजेकर या मराठी माणसांनी हिंदीत केलेलं काम एकेका गाण्यापुरतं उरलंय. १९३१ च्या ‘आलम आरा’पासून निघालेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या नोंदी कानपूरच्या हरमंदिरसिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’च्या जाडजूड खंडांत केल्या आहेत. त्यातलं कुठलंही पान उघडा. पानभर चित्रपटांतली एक-दोन गाणीच आपण रेडिओवर ऐकलेली असतात.

मराठी गाण्यांच्या बाबतीत अरुंदपणाचं कारण बाजार एवढंच नाही, आपली सवयही आहे. ‘जुनी मराठी गाणी’ म्हटलं की निवड करणारा हात आपोआप शहरी भावगीताकडे जातो. जी. एन. जोशी, गजानन वाटवे, माणिक वर्मा, मालती पांडे, अरुण दाते यांच्याबद्दल मला अपार प्रेम आहे. पण सुलोचना चव्हाणांची लावणी, शाहीर अमरशेख, शाहीर साबळे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डकांची गीतं, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं हीसुद्धा जुनी मराठी गाणीच आहेत. त्यांना ‘लोकसंगीत’ नावाच्या वेगळ्या खणात टाकून दिवसातली वेगळी वेळ दिली जाते. भावगीताच्या शेजारी लावणी आणि तिच्यामागे भीमगीत अशा अर्ध्या तासाची रचना करून बघावी. महाराष्ट्राच्या घराघरांत एकाच दुपारी हे सगळं वाजत होतंच. पणजीचं केंद्र या बाबतीत भाग्यवान. पोर्तुगीजांच्या काळातल्या ‘एमिसोरा द गोवा’चा वारसा मिळाल्यानं मांडो, कोंकणी कांतारां आणि मराठी नाट्यगीत यांचं सहअस्तित्व तिथे सुरुवातीपासूनच होतं.

पुण्याच्या कपाटातलं सर्वात बोलकं उदाहरण ‘गीतरामायणा’चं. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून हे सादर झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, चाली सुधीर फडक्यांच्या. आज बहुतेकांच्या कानात आहे ते फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं, पुढे तबकड्यांवर आलेलं गीतरामायण. मूळ प्रसारणात मात्र पात्रागणिक गायक होते: माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक आणि इतर कितीतरी. फडक्यांच्या गायनाची थोरवी वादातीत आहे. तरीही रेडिओवर जन्मलेल्या या कृतीचं बहुआवाजी रूप रेडिओवरच दुर्मिळ व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एखाद्या केंद्रानं रामनवमीपासून आठवड्याला एक गीत मूळ आवाजात आणि निर्मितीच्या माहितीसह लावलं, तर नव्या पिढीला रेडिओ काय करू शकत होता ते वर्षभर कळत राहील.

अशा कामाला फार पैसा लागत नाही. अर्ध्या तासात साधारण सात गाणी बसतात, कारण लाखेच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपायची आणि त्या काळची गाणी त्याच मापात घडलेली आहेत. त्यातली चार ओळखीची ठेवा. दोन अशी, ज्यांचा गायक माहीत आहे पण गाणं नाही. एक पूर्ण अनोळखी, आणि त्याच्याआधी दोन वाक्यं: कुणी, कधी, कुठल्या चित्रपटासाठी किंवा कंपनीसाठी. अनोळखी गाणं तिसऱ्या क्रमांकावर असावं, शेवटी नव्हे, नाहीतर श्रोता उठून जातो. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी छोटी सामुदायिक केंद्रं तर गावातल्याच जुन्या गायकांना, बँडवाल्यांना, तमाशातल्या ढोलकीवाल्यांना बोलावून त्यांच्या आठवणीतली गाणी काढून घेऊ शकतात.

हक्कांची अडचण पुढे केली जाते, तिच्याबद्दलही नेमकं बोलायला हवं. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. १९६५ साली निघालेल्या तबकड्यांची मुदत २०२५ च्या अखेरीस संपते. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतात आणि त्यांचं मानधन दिलंच पाहिजे. पण सैगल, काननदेवी, अमीरबाई, राजकुमारी यांच्या ऐन काळातल्या ध्वनिमुद्रणांवर आता कुठल्याही कंपनीची मालकी उरलेली नाही. दरवर्षी १ जानेवारीला आणखी एका सालाच्या तबकड्या त्यांत येतात. प्रत्येक केंद्रावर त्या दिवसापासून आठवडाभर त्याच सालाची गाणी लागावीत, हिंदी आणि मराठी दोन्ही, गाजलेली आणि पडलेलीही. १९६५ ची यादी करायला ‘हमराज’ यांचा कोश आणि केंद्राचं स्वतःचं ग्रंथालय पुरेसं आहे.