गंज कुठं चढतो, कुठं चढत नाही

खेळण्यातली बस आणि बसची प्रतिकृती यांत फरक काय? पहिला फरक सगळ्यांना ठाऊक आहे. प्रतिकृती मापात असते. मूळ गाडीची लांबी-रुंदी, चाकाचा व्यास, खिडकीची चौकट हे सगळं एकाच प्रमाणात लहान केलेलं असतं. दुसरा फरक मात्र पटकन लक्षात येत नाही. खेळण्यातली बस कायम नवीकोरी असते. रस्त्यावरची बस तशी नसते. तिनं ऊन सोसलेलं असतं, पाऊस झेललेला असतो, शेकडो हातांनी तिचा दांडा धरलेला असतो. वापराच्या या खुणा प्रतिकृतीवर रंगानं उमटवण्याला या छंदातली मंडळी ‘वेदरिंग’ म्हणतात. आपण ‘जुनेपण चढवणं’ म्हणू.

हा छंद आपल्याला परका नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं सूक्ष्म रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एसटीवर प्रेम करणारी कितीतरी मुलं पुठ्ठा, फोमशीट, पेनाच्या रिकाम्या रिफिली आणि पारदर्शक प्लॅस्टिक एवढ्या सामानातून लाल गाडी उभी करतात. माप चोख असतं, आगाराचं नावही बिनचूक लिहिलेलं असतं. पण गाडी जुनी दाखवायची वेळ आली की बरेचदा एकच चूक होते. तपकिरी रंग घेतला आणि सगळीकडे फासला. गाडी मळकी दिसते, जुनी दिसत नाही. कारण प्रत्येक डागाला एक कारण असतं. ते कारण कळलं नाही, तर डाग चुकीच्या जागी पडतो.

एसटीचंच उदाहरण घेऊ. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली. पुढं अनेक वर्षं इंजिन आणि चासी कंपनीकडून यायची, आणि वरचा सांगाडा महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा इथल्या कार्यशाळेत चढायचा. आपल्या हिंगोली, वसमत आणि कळमनुरी आगारांतून वर्षानुवर्षं धावलेल्या अशा जुन्या गाड्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचे होते. आता ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही. हवेशी संयोग झाला की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच थर आतल्या धातूचं रक्षण करतो. म्हणून या गाडीचा रंग जिथं खरवडला जाई, तिथं आतून मंद रुपेरी-राखाडी पत्रा दिसे. ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट भिडलेला असेल आणि तिथं पाणी साचत असेल, तर पांढरट भुकटी धरे. लाल गंज चढे तो चासीला, चाकाच्या नटांना, लोखंडी कंसांना. तेव्हा जुन्या लाल गाडीच्या कुशीवर गंजाचे लाल ओघळ काढले, तर ते कितीही सुबक असोत, खोटेच ठरतात. अलीकडं पोलादी सांगाड्याच्या गाड्या आल्या आहेत. तिथला हिशेब वेगळा. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा : ही वस्तू कशाची आहे?

दुसरा प्रश्न मापाचा. समजा, अकरा मीटर लांबीची बस आपण १:२४ या प्रमाणात केली. ती साधारण सेहेचाळीस सेंटिमीटर होईल. या मापात प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे मूळ गाडीवर चोवीस मिलिमीटरचा, जवळजवळ बोटभर रुंद ओरखडा झाला! एवढा मोठा घाव गाडीला क्वचितच बसतो. वाळूचा साधा कण प्रतिकृतीच्या चाकाला चिकटवला, तर तो मापानं दगड होतो. म्हणून खुणा बारीक हव्यात आणि थोड्या हव्यात. रंगाचे पोपडे दाखवायला ब्रशापेक्षा स्पंजचा फाटका तुकडा बरा. रंगात बुडवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवर हलकेच टेकवायचा.

तिसरा प्रश्न क्रमाचा. गाडीच्या आयुष्यात जे आधी घडतं, ते आधी रंगवायचं. सगळ्यांत आधी ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे रंगाला बांधून ठेवणारं द्रव्य झिजतं, लाल रंग फिका आणि खडूसारखा होतो. टपाकडच्या भागावर ऊन जास्त, म्हणून तिथं मूळ रंगात किंचित फिकट रंग मिसळून पातळ हात द्यायचा. तो वाळला की व्हार्निशचा थर. त्यानंतर पावसाचं काम. तैलरंगाचा गडद तपकिरी ठिपका टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून फटींत, रिव्हेटांभोवती सोडायचा. तो आपोआप खोबणीत पळतो आणि सांधे उठून दिसतात. खाली ॲक्रिलिक रंग असेल, तर टर्पेंटाइनचा असा पातळ हात त्याला सहसा धक्का लावत नाही, म्हणून चुकलेला भाग पुसता येतो. मात्र थर्माकोलवर टर्पेंटाइन वापरू नये, ते थर्माकोल खातं. पुठ्ठ्याच्या गाडीला आधी व्हार्निशनं सर्व बाजूंनी बंद करावं, नाहीतर पुठ्ठा फुगतो. खिडकी उघडी ठेवावी आणि कोरडी पूड वापरताना नाकाला रुमाल बांधावा.

शेवटी धूळ आणि चिखल. या कामासाठी परदेशी बनावटीच्या महागड्या भुकट्यांच्या बाटल्या मिळतात. पण त्यांत असतं काय? बहुतेक मातीचेच रंग. आपल्या घरातला गेरू हा लोहाचा ऑक्साइड आहे, गंजही मुख्यतः लोहाचाच ऑक्साइड. म्हणजे गंजासाठी वस्त्रगाळ केलेल्या गेरूसारखी दुसरी वस्तू नाही. धुरांड्यामागच्या काळेपणासाठी दिव्याची काजळी. वाळलेल्या धुळीसाठी खडूची पूड आणि चिमूटभर पिवडी. आणि चाकांसाठी आपल्या शिवारातली काळी माती.

या काळ्या मातीकडं जरा नीट पाहू. बेसॉल्ट खडक झिजून ती झाली. तिच्यातले चिकणमातीचे खनिज कण पाणी धरून फुगतात, म्हणून पावसाळ्यात ती चाकाला जाडजूड थरानं धरते. वाळली की आक्रसते, तिला भेगा पडतात आणि ती राखाडी दिसू लागते. म्हणजे ओला चिखल काळा आणि वाळलेला चिखल राखट, असे दोन रंग एकाच चाकावर दिसू शकतात. युरोपातल्या पुस्तकातलं चित्र पाहून पिवळट तपकिरी चिखल लावला, तर ती गाडी औंढ्याच्या शेतरस्त्यावरची वाटणार नाही. माती वापरण्याआधी तव्यावर भाजून कोरडी करावी, म्हणजे पुढं बुरशी धरत नाही. मग ती पातळ कापडातून गाळावी. व्हार्निश लागलं की ती गडद होते, म्हणून आधी फाजील तुकड्यावर करून पाहावं.

वसमतच्या बाजारात हळद घेऊन येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली करायची असेल, तर आणखी एक गंमत. पिवळेपणासाठी खरी हळद वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. हळदीचा रंग उन्हात उडतो. प्रतिकृती खिडकीजवळ ठेवली, तर हळूहळू डाग नाहीसा होईल. मूळ ट्रॉलीवरही हेच घडतं. उघड्या पत्र्यावरचा पिवळेपणा विरतो, कोपऱ्यात आणि सांध्यांत तेवढा टिकतो. म्हणून पिवडीत थोडा पिवळा रंग मिसळावा आणि तो फटींतच भरावा. ट्रॉली लोखंडी, म्हणून तिच्यावर गेरूचा गंज शोभतो. पण पोती घासून जिथं पत्रा रोज झिजतो, तिथं गंजाला बसायला सवड नसते. तिथं पत्रा चकाकतो.

झीज ही अशी माणसांची सवय सांगते. एसटीच्या दाराचा दांडा हात लागून लागून गुळगुळीत होतो. टपाच्या शिडीच्या पायऱ्या मध्यभागी झिजतात, कडेला नाहीत. पुढच्या काचेवर धूळ असते, पण वायपर फिरतो तेवढी पंख्यासारखी जागा स्वच्छ असते. आणि खिडक्यांखालचे ओघळ कशाचे असतात, हे घाटातून प्रवास केलेल्यांना आणि पानाच्या शौकिनांना वेगळं सांगायला नको!

हा सगळा खटाटोप कशासाठी? कारण वस्तू जातात आणि त्यांच्यासोबत त्यांचं वापरातलं रूपही जातं. हिंगोली स्थानकातून एकेकाळी मीटरगेजच्या गाड्या धावत. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तो जुना थाट संपला. इंजिनांचे फोटो लोकांनी काढले. पण डब्यांच्या तळाशी लोखंडी ब्रेकच्या भुकटीनं आलेला लालसर तपकिरी रंग कुणी टिपून ठेवला? ॲल्युमिनियमच्या एसट्यांचंही तेच होणार आहे. त्या एकेक करून भंगारात जातात. उद्या एखादी संग्रहालयात उभी राहिलीच, तर तिला नवा चकचकीत रंग दिला जाईल. ते स्वाभाविकच आहे. पण ज्या गाडीनं आपली मुलं तालुक्याच्या शाळेत गेली, ती गाडी तशी नव्हती.

तेव्हा ज्यांना हा छंद करायचा आहे, त्यांनी रंग विकत घेण्याआधी एक वही घ्यावी. आगार व्यवस्थापकांची परवानगी काढून एखाद्या जुन्या गाडीभोवती अर्धा तास फिरावं. समोरून एक फोटो काढून भागत नाही. टप, मागची बाजू, चाकांच्या कमानी, पायरी हे सगळं पाहावं. प्रत्येक डागापुढं कारण लिहावं : ऊन, पाणी, हात, चाक, धूर. ज्याचं कारण सापडत नाही, ते चालकाला किंवा कार्यशाळेतल्या कारागिराला विचारावं. ती माणसं सांगतात, आणि आनंदानं सांगतात. प्रतिकृती पुरी झाली की तिच्या तळाशी आगाराचं नाव, महिना आणि वर्ष लिहून ठेवावं. मे महिन्यातली गाडी आणि ऑगस्टमधली गाडी एकसारखी नसते. कोणती गाडी आपण केली, ते पुढच्या माणसाला कळायला हवं.