झूम सोडा, माइक बघा!
शॉर्टफिल्मसाठी ग्रुपने कॉन्ट्री काढून कॅमकॉर्डर घ्यायचं ठरवलंय? मग दुकानदाराच्या ‘८०० एक्स झूम’ला भुलू नका. तो डिजिटल, चित्र नुसतं ताणतो. ऑप्टिकल झूम किती, ते विचारा. पूर्वी डीव्हीडीवालं मॉडेल दिसायला भारी असायचं, पण छोट्या डिस्कवर चांगल्या क्वालिटीचं शूटिंग जेमतेम २०-३० मिनिटं मावायचं आणि एडिटिंगला डोक्याला ताप व्हायचा. त्यापेक्षा तेव्हा मिनीडीव्ही बरा होता. टेपवर ६० मिनिटं मिळायची. फक्त पीसीला फायरवायर पोर्ट आणि तासाला साधारण १३ जीबी जागा लागायची. (तासाभराची टेप कॉपी व्हायलाही तासच लागायचा, चहा मागवून ठेवावा लागायचा.)
आणि बाहेरचा माइक लावायची सोय? स्वस्त मॉडेल्समध्ये नेमकी तीच गाळतात. चित्र थोडं अंधारं असलं तर चालून जातं. हिरोच्या डायलॉगवर रिक्षाचा हॉर्न चढला की फिल्म गेली! दुकानात जाताना माइक सोबत न्या, तिथेच लावून, रेकॉर्ड करून ऐका.