विजेच्या मोटारी व त्यांचे ढळते भाव

मंडईंत कोथिंबिरीचा भाव सकाळीं एक व सायंकाळीं दुसरा असतो, याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु वर्षानुवर्षांची शिल्लक घालून घेतलेल्या मोटारीचा भाव एका रात्रींत उतरावा, हें गिऱ्हाइकाच्या पचनीं पडत नाहीं.

जानेवारी २०२३ च्या आरंभीं टेस्ला या अमेरिकन कंपनीनें चीनमध्यें आपल्या मोटारींचे भाव शेंकडा ६ ते साडेतेरा इतके खालीं आणले. तीन महिन्यांच्या आंतला हा दुसरा उतार. सरकारी अनुदान २०२२ अखेर बंद होणार म्हणून ज्यांनीं डिसेंबरांत घाईनें मोटार घेतली होती, ते कंपनीच्या दुकानांपुढें जमून भरपाई मागूं लागले. ती देण्याचा विचार नसल्याचें कंपनीनें कळविलें. ठरल्या दामास ठरला माल मिळाला होता, तेव्हां कायदा कंपनीच्या बाजूचा. पण मनाची बोचणी कायद्यानें जात नाहीं.

याच महिन्यांत अमेरिकेंत ‘मॉडेल वाय’च्या एका प्रकाराची किंमत ६५,९९० डॉलरवरून ५२,९९० वर आली. तेथें ७,५०० डॉलरांची करसवलत त्या वेळीं या प्रकारास किंमत ५५,००० च्या आंत असली तरच होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आंकड्याचें इंगित उमगतें. फेब्रुवारींत सरकारनें या मोटारीपुरती मर्यादा ८०,००० केली, आणि भाव लागलाच थोडा चढला!

इतर बहुतेक कारखानदार अडत्यांमार्फत मोटारी विकतात. जुन्या दरानें घेतलेला माल अडत्याच्या कोठींत असतो, म्हणून तेथें भाव सहसा एकाएकीं हालत नाहीं. सूट मिळते ती घासाघिशींत, आणि शेजाऱ्यास ती कळत नाहीं. टेस्ला स्वतःच विकते, सर्वांस एकच जाहीर भाव. घासाघीस टळली, ही सोय खरीच. परंतु उतारही चव्हाट्यावर आला. त्यांतच विद्युत्घटास लागणाऱ्या लिथियमचा भाव २०२२ अखेर शिगेस पोंचून पुढील वर्षीं कोसळला, व प्रतिस्पर्धी वाढले.

नवी मोटार स्वस्त झाली कीं जुनीचेंही मोल घटतें. भाड्यानें मोटारी देणाऱ्या हर्ट्झ कंपनीनें २०२१ मध्यें एक लक्ष टेस्ला घेण्याचें जाहीर केलें होतें; जानेवारी २०२४ मध्यें तिनें सुमारें २०,००० विजेच्या मोटारी विकावयास काढल्या, आणि घटलेल्या मोलापायीं सुमारें साडेचोवीस कोटि डॉलरांचा तोटा मांडला. घरगुती खरेदीदार असा तोटा कोणत्याच वहींत मांडीत नाहीं. तो पुढची मोटार घेतांना आणखी दोन महिने थांबतो.