पोटावरील पिशवी: जागा ठरावी शस्त्रक्रियेआधीच

गुदाशयाचा कर्करोग, आतड्याला पडलेले छिद्र किंवा वर्षानुवर्षे न शमणारा आतड्याचा दाह अशा कारणांनी मलविसर्जनाचा नैसर्गिक मार्ग काही काळ अथवा कायमचा बंद करावा लागतो. अशा वेळी शल्यविशारद आतड्याचे टोक पोटावर आणून त्वचेला शिवतात. या तोंडाला 'स्टोमा' म्हणतात. त्याला आवळून धरणारा स्नायू नसल्याने मल रोखता येत नाही. तो पोटाला चिकटवलेल्या पिशवीत साठतो.

शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असेल, तर स्टोमाची जागा आदल्या दिवसापर्यंत पोटावर न पुसणाऱ्या शाईने आखून घ्यावी. काम काही मिनिटांचे, पण पुढची कित्येक वर्षे त्यावर अवलंबून असतात. आडव्या झोपलेल्या रुग्णाचे पोट सपाट दिसते. तोच उठून बसला की वळ्या पडतात आणि वळीवर पिशवी नीट चिकटत नाही. म्हणून उभे राहून, बसून, वाकून जागा पाहिली जाते. आपल्याकडे मांडी घालून आणि उकिडवे बसूनही ती तपासायला हवी. परकराची नाडी, साडीच्या निऱ्या, धोतराची गाठ किंवा पट्टा नेमका कुठे येतो, हे रुग्णाने स्वतःहून सांगावे. जुना व्रण, बेंबी व हाडाचा उंचवटा टाळावा आणि स्टोमा रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ त्रास वाचतो. तातडीच्या शस्त्रक्रियेत मात्र ही सवड नेहमी मिळतेच असे नाही.

मनाची तयारी याहून अवघड. 'पिशवी लागणार' हे कळताच रुग्णाला आजारापेक्षा वासाची आणि चारचौघांची धास्ती वाटते. स्वयंपाकघरात वावरता येईल का, देवापुढे बसता येईल का, हे प्रश्न अनेक स्त्रिया डॉक्टरांपुढे काढतच नाहीत. नीट बसलेल्या पिशवीतून वास येत नाही आणि या कामांना वैद्यकीय आडकाठीही नाही. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत मात्र कामजीवनाशी संबंधित नसांना इजा होण्याचा संभव असतो. हा विषय संकोचापोटी टाळला जातो. तो पती-पत्नींनी आधीच विचारावा. पिशवी तात्पुरती की कायमची, हेही स्पष्ट विचारावे. रिकामी पिशवी थोडे पाणी भरून एक दिवस पोटावर लावून पाहिल्यास अनोळखीपणा बराच कमी होतो. हे सारे अनुभवलेल्या माणसाशी बोलणे तर फारच उपयोगी. अशा भेटीसाठी रुग्णालयातील स्टोमा परिचारिकेकडे किंवा मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाकडे चौकशी करता येते.

निरोगी स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल व ओलसर असतो. त्याला स्पर्शाने दुखत नाही, पुसताना किंचित रक्त येऊ शकते. सुरुवातीची सूज ६ ते ८ आठवड्यांत उतरते. तोवर दर वेळी माप घेऊनच पिशवीच्या चकतीचे छिद्र कापावे. मोठे छिद्र राहिल्यास त्वचा सोलवटते. म्हणूनच आरंभी पिशव्यांचा मोठा साठा एकाच मापात कापून ठेवू नये. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. हा खर्च दर महिन्याचा असल्याने त्याचा हिशेबही आधीच मांडलेला बरा.

लहान आतड्याचा स्टोमा असल्यास मल पातळ असतो व त्याबरोबर पाणी आणि मीठ जाते. तहान, चक्कर, कमी लघवी ही लक्षणे दिसताच क्षारसंजीवनी घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. नुसते पाणी पीत राहिल्याने ही तूट भरून निघत नाही. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्या न विरघळताच बाहेर पडू शकतात. त्यामुळे नेहमीच्या औषधांची यादी शस्त्रक्रियेपूर्वी दाखवावी. स्टोमा जांभळा वा काळा पडला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.