पाळीवांचे रानटी पूर्वज – भाग ६ : तांबडा रानकोंबडा

मागच्या भागात आपण रानडुकराची ओळख करून घेतली. या वेळी कोंबडीचा मूळपुरुष.

जगात आज वीस अब्जांहून अधिक कोंबड्या आहेत. त्या सगळ्यांचे कूळ तांबड्या रानकोंबड्यापाशी जाते. हिमालयाच्या पायथ्याची जंगले, मध्य भारतातली सालवने आणि तिथून पूर्वेला म्यानमार, थायलंड, इंडोनेशियापर्यंत हा पक्षी राहतो. सह्याद्रीत आरवतो तो मात्र करडा रानकोंबडा. ती फक्त भारतात आढळणारी वेगळी जात. तिचाही कोंबडीत थोडा वाटा आहे : पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक करड्याकडून आल्याचे २००८ मध्ये दिसून आले.

पाळीव कोंबडी तांबड्यापासूनच आली असे डार्विनने १८६८ मध्ये मांडले होते. कुठून, याचे उत्तर २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांच्या तुलनेतून मिळाले : नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली उपजात. ईशान्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडे सापडली. ती इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातली. भातशेतीच्या दाण्यांमागे रानकोंबडे वस्तीजवळ आले असावेत, असे संशोधक मानतात. मला हे पटते. दाणे टिपायला आलेला पक्षी हळूहळू अंगणातच राहिला असणार.

खरी चिंता इथून सुरू होते. रानातून अंगणात आलेली वाट बंद कधीच झाली नाही. जंगलालगतच्या पाड्यांवर कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात. रानातला नर त्यांच्याशी जुगतो, कधी गावठी कोंबडाच रानात शिरतो. पिल्ले सुदृढ निपजतात आणि त्यांची पुढची पिढीही वाढते, म्हणून हा संकर थांबत नाही.

अस्सल रानकोंबडा ओळखायची एक खूण आहे. विणीचा हंगाम संपला की नराच्या मानेची लांब सोनेरी पिसे झडतात, त्या जागी आखूड काळपट पिसे येतात आणि तुरा आक्रसतो. गावठी कोंबड्यात हा बदल होत नाही. पीटरसन आणि ब्रिस्बिन या अमेरिकी संशोधकांनी संग्रहालयांतले ७४५ रानकोंबडे तपासले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला. मलेशिया आणि आसपासच्या देशांतल्या नमुन्यांत ही खूण १९२० च्या दशकानंतर दिसत नाही. पश्चिमेकडच्या, म्हणजे भारताच्या बाजूच्या नमुन्यांतही ती शेवटची आढळते १९६० च्या दशकात. २०२३ च्या जनुकीय अभ्यासाने हेच आकड्यांत सांगितले. आजच्या रानकोंबड्यांच्या जनुकसंचाचा २० ते ५० टक्के भाग पाळीव कोंबड्यांकडून आलेला आहे.

तरीही धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत हा पक्षी ‘चिंता नसलेला’ म्हणून नोंदला जातो, कारण तिथे डोकी मोजली जातात. मला ही मोजणी अपुरी वाटते. जंगलात आरवणारे कोंबडे भरपूर असतील आणि तरी रानकोंबडा उरलेला नसेल, हे शक्य आहे. रोगराई आणि बदलते हवामान सोसण्याची जी जनुके कोंबडीपालनाला उद्या लागतील, त्यांचा साठा याच रानपक्ष्यांत आहे. त्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद केली. संकर मात्र कायद्याने थांबत नाही.

म्हणून जंगलालगत घरोघरी सुधारित वाणांची पिल्ले वाटणाऱ्या योजनांनी पिल्लांसोबत बंदिस्त खुराडेही द्यावे. गावकऱ्यांनी नको झालेला कोंबडा रानात सोडू नये, मग तो देवाच्या नावाने असला तरी. पुढच्या आठवड्यात गडचिरोलीच्या कोलामार्कातल्या रानम्हशींकडे वळू.