बिनगाठीचे लाकूड

दाराच्या जुन्या चौकटीकडे निरखून पाहा. लाकडाच्या सरळ रेषांमध्ये मधूनच एखादा गडद, वाटोळा डाग दिसतो. ही लाकडातील गाठ होय. गाठीपाशी सुताराचा रंधा अडखळतो. वाळलेली गाठ कधी निखळून पडते आणि फळीला भोक पडते. साहजिकच अशा लाकडाला भाव कमी मिळतो.

गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदी. झाड खोडावर लाकडाचे नवे थर चढवत जाते आणि त्या थरांत फांदीचे बूड वेढले जाते. दाट लागवडीत खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही. त्या वाळून गळतात. बांधावरच्या मोकळ्या सागाच्या फांद्या मात्र जाड होऊन टिकून राहतात. तेथे माणसालाच छाटणी करावी लागते.

छाटणीमुळे जुनी गाठ नाहीशी होत नाही. त्यानंतर चढणारे लाकूड तेवढे बिनगाठीचे होते. समजा, खोडाचा व्यास १० सेंटीमीटर असताना फांद्या छाटल्या आणि तो ४० सेंटीमीटर झाल्यावर झाड तोडले, तर बाहेरचे सुमारे १५ सेंटीमीटर जाडीचे लाकूड स्वच्छ मिळते. तीच छाटणी व्यास २५ सेंटीमीटर झाल्यावर केली, तर ही जाडी निम्म्यावर येते. म्हणून छाटणी वेळेवर हवी.

ती नेमकीही हवी. फांदीच्या बुडाशी थोडा फुगवटा असतो. जखम भरून काढणारी साल तेथूनच वाढते. तो फुगवटा न दुखवता, त्याला लागूनच धारदार करवतीने फांदी कापावी. खुंट ठेवल्यास त्याचीच गाठ होते. कोयत्याच्या घावाने साल सोलली जाते. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये. पाने हेच झाडाचे स्वयंपाकघर आहे. ते उजाड झाले, तर वाढ खुंटते आणि खोडावर नवे फुटवे येतात. पानगळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला योग्य ठरतात, कारण ओल्या हवेत जखमेवर बुरशी लवकर धरते.

केरळमधील निलंबूर येथे १८४०च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी चातू मेनन यांच्या साहाय्याने सागाची लागवड सुरू केली. १८५५ मध्ये कॉनोली मरण पावले, तेव्हा ती झाडे कोवळीच होती. त्या लागवडीतील काही साग आजही उभे आहेत. साग लावणाऱ्याच्या हातून झालेल्या कामाचे मोल असे पुष्कळदा पुढच्या पिढीला कळते. वेळीच केलेली छाटणीही त्यांपैकीच एक होय.