दुकाने अनेक, गोदाम एक

आमच्या बऱ्याच व्यापारी बांधवांच्या पेढीत बिलाचा, मालसाठ्याचा आणि पगाराचा संगणक वेगवेगळा भासतो. प्रत्यक्षात ते एक-दोन सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक असतात, आणि त्या सर्वांची माहिती डिस्कच्या एकाच पेटीत असते. हिला सामायिक स्टोरेज म्हणतात. सर्व्हर बिघडला तर काम दुसऱ्यावर नेता येते. गोदामाला टाळे लागले की सारी दुकाने बंद.

गेल्या वर्षी आमच्या परिचयाच्या एका घाऊक भांडी व्यापाऱ्याने याचा अनुभव घेतला. स्टोरेजचे सॉफ्टवेअर बदलायला आलेल्या तंत्रज्ञाने एक सर्व्हर ‘मेंटेनन्स मोड’मध्ये टाकला आणि तो निर्धास्त झाला. या सोयीने आभासी संगणक शेजारच्या सर्व्हरवर जातात खरे, पण त्यांची माहिती त्याच पेटीत राहते. दुकानदार शेजारच्या गाळ्यात गेला, माल मात्र जुन्याच गोदामात! पेटी बंद होताच बिलाचा संगणक अडकला आणि खतावणीची फाईल मोडली. बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. तेवढी बिले छापील प्रतींवरून पुन्हा भरावी लागली, आणि उधारीवरून एका जुन्या गिऱ्हाइकाशी खटका उडाला तो वेगळाच.

व्हीएमवेअरचा सर्व्हर स्टोरेजकडे जाणारे सर्व मार्ग तुटल्यावर मूळ रचनेनुसार १४० सेकंद वाट पाहतो. आतला विंडोज संगणक साधारण ६० सेकंदांतच हाय खातो. लिनक्स असेल तर तो पुष्कळदा डिस्क केवळ वाचण्यापुरती ठेवतो, लिहिणे थांबवतो.

महागड्या पेटीत दोन कंट्रोलर असतात. एक बंद असता दुसरा भार ओढतो. तरी दोन्हीकडच्या तारा खरोखर चालतात का, हे आधी पाहावे. दुसरी पेटी हाताशी असल्यास चालू संगणकाची माहितीही तिकडे हलवता येते. व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्स दोन्हींत ही सोय आहे. लहान पेढीत यांपैकी काहीच नसते. तिथे सगळे रीतसर बंद करणे, हाच मार्ग.

त्यालाही क्रम आहे. आधी बिलाचे संगणक, मग डेटाबेस, मग सर्व्हर आणि शेवटी पेटी. सुरू करताना बरोबर उलट. सगळ्यांवर नियंत्रण ठेवणारा संगणकही त्याच पेटीत असेल, तर सर्व्हरचे पत्ते आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवावेत. नाहीतर किल्ली आत आणि आपण बाहेर. एखादी डिस्क बदलून तिची भरणी चालू असेल, तर ती पुरी होईपर्यंत पेटीला हात लावू देऊ नये. त्याच पेटीतला स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, हेही तंत्रज्ञाला ठणकावून सांगावे. बॅकअप वेगळ्या जागी हवा, आणि तो उघडून पाहिलेला हवा.

ईद किंवा दिवाळीच्या गर्दीत हे काम काढू नये. काम संपल्यावर तंत्रज्ञाचे पैसे चुकते करण्याआधी त्याच्यासमोर एक बिल फाडावे, माल वजा झाला का पाहावे आणि कालची शेवटची नोंद उघडून दाखवायला सांगावे.